शनिवारचा हिरवा रकाना

दर जूनमध्ये आमच्या हायस्कुलातले शिक्षक माझ्याशी अचानक गोड बोलू लागतात. कोणी शेतातली भरताची वांगी आणून देतं, कोणी चहा पाजतं, कोणी नुसतंच "सर, तब्येत जपा" म्हणतं. माझ्या तब्येतीत असं काही विशेष नाही. कारण एवढंच, की शाळेचं वेळापत्रक मी लावतो. सव्वीस तुकड्या, एकेचाळीस शिक्षक, आणि त्यातल्या प्रत्येकाला शेवटचा तास ऑफ हवा असतो. हे सगळं मी एका मोठ्या कार्डशीटवर पेन्सिल, पट्टी आणि चार रंगांचे स्केचपेन घेऊन जुळवतो. जळगावात असं वेळापत्रक दुसरं कोणी लावत नाही, असं माझं मत आहे. हे मत अजून दुसऱ्या कोणी मांडलेलं नाही, पण कोणी खोडलेलंही नाही.

या कलेतली एक गुप्त गोष्टही सांगून टाकतो. खेळाचा तास मी आठवड्यातून दोनदा दाखवतो, छान हिरव्या रंगात. दिवाळीपर्यंत तो मुलांना मिळतो. दिवाळीनंतर तो दहावीच्या गणिताला जातो. गणित मीच शिकवतो, हे ओघाने आलंच.

तर अशा माणसाच्या मुलीने बारावी सायन्सला चांगले मार्क मिळवले आणि सांगितलं, "पप्पा, मी बी.बी.ए. करणार."

मला धक्का बसला नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. धक्का नातेवाइकांना बसला. समोरचे काका पेपर घडी करून खास आमच्या ओट्यावर आले. "सर, मार्क तर भारी होते. मग पोरीचं काही बिनसलं का?" पाचोऱ्याहून मामेभावाचा फोन आला, "सायन्सवाली पोर दुकानदारी शिकणार?" मुलगी हे सगळं ऐकत होती. ती कोणाला उलटून बोलली नाही. पण त्या आठवड्यात तिने पोह्यांवर शेव घ्यायची सोडली, तेव्हाच आम्हाला कळलं की तिला हे लागलंय.

मग एका संध्याकाळी तिने माझ्यापुढे एक छापील पान ठेवलं. धुळ्याला देवपुरात एक मॅनेजमेंटचं कॉलेज आहे, तिथलं ते पान. पहिल्या वर्षाला एकशेवीस मुलं. वर्ष संपलं की त्यांच्यातून तीस जण ऑनर्सच्या तुकडीसाठी निवडायचे. त्या तिसांना पुढे सहा महिने कंपनीत काम, चौथं वर्ष, स्वतःचा प्रकल्प. बाकीच्यांना साधी पदवी.

"मला त्या तिसांत यायचंय," ती म्हणाली. "मग काय बिनसलं म्हणून विचारायला कोणी येणार नाही."

बायको म्हणाली, "येईल ती. हुशार आहे."

मी म्हणालो, "हुशारीने काही होत नसतं. नियोजन लागतं." आणि उठून कपाटावरची कार्डशीट काढली.

पुढचे चार दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर कोणाला जेवता आलं नाही. मी पहिल्या वर्षाचे सगळे आठवडे आखले. निळा रंग अभ्यासाला, लाल परीक्षांना, केशरी प्रकल्पाला, हिरवा उजळणीला. ऑनर्सच्या अटी त्या पानावर ओळीने दिल्या होत्या : गुण, हजेरी, तिघांनी मिळून करायचं गटाचं काम, शेवटी मुलाखत. प्रत्येक अटीसमोर मी पेनने टिपण लिहिलं. गटाच्या कामासमोर लिहिलं : 'गट पहिल्या दहातल्यांशीच करणे. मागच्या बाकावरच्यांशी मैत्री ठीक, गट नको.' शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत काहीतरी होतं. शनिवारी दुपारी दोन ते चार, सहशैक्षणिक उपक्रम, खेळ वगैरे. मी मनाशी हसलो. हे माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. त्या ओळीवर एक तिरकी रेघ मारली, समोर लिहिलं 'किरकोळ', आणि तक्त्यात शनिवार दोन ते चारचा रकाना हिरवा रंगवला. हिशोबशास्त्राची उजळणी.

"शनिवारी पण?" मुलीने विचारलं.

"खेळाच्या तासात काय असतं? मुलं मैदानावर उभी राहतात, सर झाडाखाली उभे राहतात. मी चांगलं ओळखतो."

"हो, तुम्ही चांगलंच ओळखता," बायको वाटाणे सोलता सोलता म्हणाली. ती कोणत्या अर्थाने म्हणाली ते मी तेव्हा विचारलं नाही.

धुळ्यात राहायची सोय माझ्या थोरल्या बहिणीकडे होती. अक्काचं घर देवपुरातच, कॉलेजपासून चालत वीस मिनिटं. अक्काची मुलं नोकरीसाठी लांब गेलेली, दाजी शेतात रमलेले, त्यामुळे भाची येणार म्हटल्यावर तिने वरची खोली धुऊन, पडदे लावून तयारच ठेवली होती. मी स्वतः जाऊन त्या खोलीच्या भिंतीवर तक्ता लावला. चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकले. अक्का दारात कमरेवर हात ठेवून बघत होती.

"भाऊ, झोपायला कोणता रंग?"

"त्याला रंग नाही. जे पांढरं राहिलंय ते."

"अरे माय," अक्का म्हणाली, "एवढं पांढरं तर माझ्या डोक्यावरपण जास्त आहे."

व्यवस्था अशी ठरली, की रोज एकेक रकाना टिक करायचा आणि दर रविवारी सकाळी तक्त्याचा फोटो मला पाठवायचा. मुलीने हे इमानाने केलं. रविवारी चहाबरोबर फोटो यायचा. मी तो मोठा करून बघायचो. निळ्यात टिक, लालात टिक, शनिवारच्या हिरव्यात टिक. मी फोन बायकोपुढे धरायचो, "बघ. नियोजन."

आणि मग श्रावण आला, आणि श्रावणाबरोबर कानबाई.

खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे-नाक लावून, दागिने घालून तिची स्थापना करायची, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर पोचवायची. जिथे असेल तिथून माणूस त्या दिवशी गावी येतो. घरातल्या पुरुषांच्या नावाने एकेक सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो दळायचा आणि त्याचे गोड रोट करायचे. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, आणि पुनवेच्या आत संपवायचे. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा आमच्याकडे बाहेरची. तिला तिच्या सासरचे रोट.

त्या वर्षी कानबाईच्या सोमवारपासून मुलीची पहिली चाचणी होती. तक्त्यात रविवारी लाल रंगात लिहिलं होतं : 'सराव पेपर. प्रवास नको.' मीच लिहिलं होतं. त्यामुळे पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावी मी आणि बायको दोघंच गेलो. आई ओट्यावर बसली होती. तिने आमच्या मागे बघितलं.

"पोरगी नही उनी?"

"परीक्षा आहे तिची, आई."

"परीक्षा बठ्ठा वरीस ऱ्हास," आई म्हणाली. "कानबाई एकच रोज येस."

परीक्षा काय वर्षभर असतात, एवढं सुनावून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सोमवारी नदीवरून परत आल्यावर मात्र तिने रोटांचा डबा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं. मी तडक पाचोऱ्याला येऊन धुळ्याची एसटी पकडली.

दार अक्काने उघडलं. तिला लांबूनच वास आला असावा.

"काय शे डबामा?"

माझी अक्का शहरात शुद्ध बोलते. कानबाईचा विषय निघाला किंवा काळजी वाटली, की तिची जीभ आपोआप गावी, अहिराणीवर, जाते.

"रोट."

"कोनासाठे?"

"पोरीसाठी. आईने दिलेत."

"अन् माले?"

मी चपला काढायच्या निमित्ताने खाली बघितलं. नियम मी केला नव्हता, पण डबा माझ्या हातात होता. अक्का म्हणाली, "तुले कडावर लिसन मीच कानबाईना गाना म्हनेत. तू रडस म्हनीसन माले नाचता बी येये नही. अन् आते माले रोट नही?" आणि आत जाऊन तिने माझ्यासाठी चहा ठेवला, त्यात साखर मुद्दाम कमी.

मुलगी चारला पेपर देऊन आली. मी डबा दिला, सूचना दिल्या : हे फक्त तू खायचे, कोणाला द्यायचे नाहीत, पुनवेच्या आत संपव. आणि शेवटच्या बसने जळगावला परतलो.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. पेपर कसे गेले हे तिने आधी सांगून टाकलं.

"पप्पा, रोट संपले."

"शाब्बास. सगळे तूच खाल्लेस ना?"

"नाही ना."

झालं होतं असं. दोन पेपरांच्या मध्ये दोन तासांची सुट्टी होती. तिच्या वर्गात शिंदखेड्याची एक मुलगी होती, ती रोज पहाटेच्या एसटीने यायची. त्या दिवशी बस लवकर आली म्हणून डबा न घेताच निघालेली. दुसरी एक धुळ्यातल्याच मारवाडी घरातली, त्यांचं कापडाचं दुकान. तिने डबा आणला होता, पण तो तिने सकाळीच संपवला होता. तिघी जिन्यावर बसल्या होत्या. माझ्या मुलीने फडकं सोडलं.

"मी एकटी कशी खाणार, पप्पा? त्या दोघी समोर बसलेल्या."

"मागे फिरून बसायचं."

"पप्पा!"

"किती उरले?"

"आत्याने डबा धुऊन पालथा घातलाय."

मी शाळेत पर्यवेक्षकही आहे. मी कॉपी करताना मुलं पकडली आहेत, शाळेच्या भिंतीवरून पळणारी पकडली आहेत. पण हा गुन्हा कोणत्या वहीत लिहायचा ते मला कळेना. आईला सांगावं लागणार होतं, कारण आई विचारणारच होती. मी रविवारी मुद्दाम गावी गेलो, आधी तिची पाठ दाबली, मग हळूच सांगितलं. आईने ओट्याखालच्या कोंबडीला मूठभर दाणे टाकले.

"खादा ना त्यासनी रोट?"

"हो."

"मंग आते त्या आपल्या घरन्या शेतस. पुढला साले त्यासना नावना गहू टाकजो."

संपलं. पुरुषांच्या नावाचे गहू आई आयुष्यभर मोजत आली, आणि त्यात दोन परक्या पोरी तिने एका वाक्यात घातल्या. मी म्हणालो, "आई, आपल्या पोरीच्या नावचा तरी कुठे टाकतो आपण?" आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू विचारत होती, की एवढ्या वर्षांत तुला हे आज सुचलं का. "मंग तिना बी टाक," ती म्हणाली. "कोनी धरी ठेयेल शे का तुना हात?"

याचा पहिला परिणाम माझ्या तक्त्यावर झाला. गटाच्या कामासाठी तीन नावं द्यायची होती. मुलीने स्वतःचं आणि त्या दोघींचं दिलं. मारवाडी घरातली मुलगी हुशार होती, तिचं मला काही वाटलं नाही. पण शिंदखेड्याची? बारावीला कशीबशी पास, अर्धे दिवस एसटीमुळे पहिल्या तासाला उशीर.

"तक्त्यात काय लिहिलंय?" मी फोनवर विचारलं.

"पहिल्या दहातल्यांशीच गट."

"मग?"

"रोट खाल्लेत त्यांनी, पप्पा. आजी काय म्हणाली?"

माझीच आई, माझाच निरोप, आणि तो माझ्यावरच उलटलेला. मी म्हणालो, "तुझी तू बघ. ऑनर्स तुला हवंय, मला नाही." हे खोटं होतं. एव्हाना मलाच जास्त हवं होतं. समोरचे काका रोज संध्याकाळी "काय म्हणते बी.बी.ए.?" असं विचारायचे, आणि मी रोज "ऑनर्स करतेय" असं सांगून टाकलं होतं. अजून मिळायचं होतं, ही किरकोळ गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती.

दिवाळीला मुलगी घरी आली तेव्हा थोडी लंगडत होती.

"काय झालं?"

"जिन्यावरून घसरले."

मी तिला पायांकडे बघून चालण्याबद्दल पंधरा मिनिटं सांगितलं. बायको तिच्या गुडघ्याला तेल लावत होती आणि खाली मान घालून हसत होती. मला वाटलं, माझ्या बोलण्यात काही विनोदी आलं असेल. मुलगी भाकरी मात्र दोन जास्त खायला लागली होती, आणि ठेच्याबरोबर तर तीन. मी म्हणालो, "बघ, अभ्यासाने भूक वाढते." त्यावर दोघी उठून स्वयंपाकघरात गेल्या.

पहिल्या सत्राचे गुण चांगले आले. गटाचं कामही रंगलं. एसटी स्टँडवरचे रसवंतीवाले ऊस नसतो तेव्हा काय करतात, असा त्यांचा विषय होता. मला तो विषय हलका वाटला होता. सरांना आवडला. तक्त्यावर टिकमागून टिक पडत होती. शनिवारचा हिरवा रकाना तर एकही शनिवार सुटला नव्हता. मी स्टाफरूममध्ये त्याचा फोटो दाखवला. आमचे खेळाचे सर म्हणाले, "शनिवारी दुपारी पण हिशोब? पोर कोमेजेल हो." मी म्हणालो, "तुम्ही तुमच्या तासाचं बघा." त्या बिचाऱ्यांकडे दिवाळीनंतर तासच नव्हते.

मार्चमध्ये कॉलेजात पालकसभा होती. शनिवारी. मी सकाळच्या बसने गेलो, वही घेऊन पहिल्या रांगेत बसलो. एक तरुण मॅडम ऑनर्सची माहिती देत होत्या. भिंतीवर एकेक अट दिसत होती. गुण, बरं. हजेरी, बरं. गटाचं काम, बरं. मग शेवटची ओळ आली, तीच, पण आता वीतभर अक्षरांत. शनिवारचे सहशैक्षणिक तास. पंचाहत्तर टक्के उपस्थिती नसेल तर ऑनर्सचा अर्ज घेतला जाणार नाही.

मॅडम म्हणाल्या, "बरेच पालक याला किरकोळ समजतात."

हा शब्द त्यांनी कुठून आणला देव जाणे. माझे कान तापले. मी वहीत काहीतरी लिहितोय असं दाखवलं. प्रत्यक्षात मी वर्षाचे शनिवार मोजत होतो. पंचाहत्तर सोडा, माझ्या मुलीची उपस्थिती शून्य होती. आणि ती आपण होऊन शून्य नव्हती. मी पट्टी लावून, रंग भरून, चार खिळे ठोकून तिला शून्य केली होती.

सभा संपल्यावर चहा होता. मी घेतला नाही. कोणाला विचारायचं धाडसही झालं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि तेच नको होतं. देवपूरच्या गल्ल्यांतून उन्हात अक्काच्या घरापर्यंत चालत गेलो. चालताना एकच वाक्य जुळवत होतो, मुलीला सांगायचं ते. ते जुळत नव्हतं. समोरच्या काकांचं काय, ते जाऊ दे. पण त्या पोरीने वर्षभर दर रविवारी मला फोटो पाठवला होता.

अक्काकडे उडदाचे पापड चालू होते. गल्लीतल्या पाच-सहा बायका पोळपाट घेऊन बसलेल्या. अक्काने माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता लाटलेल्या पापडांचं ताट माझ्या हातात दिलं. "गच्चीवर टाक."

गच्चीवर साड्या अंथरल्या होत्या. मी पापड टाकायला लागलो. थोड्या वेळाने अक्का दुसरं ताट घेऊन वर आली.

"भाऊ, पापडवर पापड टाकी ऱ्हायना तू. काय व्हयनं?"

मग मी सगळं सांगितलं. किरकोळची रेघ, हिरवा रकाना, भिंतीवरची ओळ. "मी बुडवलं तिला, अक्का. शाळेतल्या पोरांचे तास खाल्ले, ते कमी होते म्हणून घरच्या पोरीचेही खाल्ले."

अक्का खाली मान घालून पापड सुटे करत होती. मला वाटलं, तिलाही वाईट वाटलंय. मग मी बघितलं तर तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

तेवढ्यात खाली फाटक वाजलं. मी गच्चीवरून वाकून बघितलं. तीन मुली आत येत होत्या. तिघींच्या अंगावर सारखे टी-शर्ट, तिघींच्या गुडघ्यांवर माती. मधली माझी. तिच्या कपाळावर धूळ आणि घाम यांचा चिखल झाला होता, आणि ती इतकी मोठ्याने हसत होती, की तिने वर बघितलं नाही. अक्काने वरून हाक मारली, "अगं, तुझा बाप आलाय गच्चीवर!"

हसणं जिथल्या तिथे थांबलं.

मी ताट घेऊनच खाली उतरलो. अंगणात तिघी रांगेत उभ्या. आमच्या शाळेत उशिरा आलेली मुलं उभी राहतात तशा.

"ही कोणती उजळणी?" मी विचारलं.

माझी मुलगी आपल्या बुटांकडे बघत होती. शिंदखेड्याची मुलगी एक पाऊल पुढे आली. उंच, सडसडीत, कोपराला पट्टी बांधलेली. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो.

"काका, तिला बोलू नका. मीच नेलं."

"कुठे?"

"कबड्डीला. दर शनिवारी. आमच्या संघात सहाच जणी होतो, सातवी मिळत नव्हती. हिने रोट खाऊ घातले, मग आजीचा निरोप सांगितला, आता तुम्ही आमच्या घरच्या. मग मी म्हटलं, घरच्या माणसाला एक गडी कमी पडत असताना तू काय हिशोब मांडत बसणार?"

"आणि हे कधीपासून?"

"श्रावणापासून."

मी मुलीकडे वळलो. "मग ती टिक? दर रविवारी हिरव्या रकान्यात टिक?"

"टिक म्हणजे तास झाला, पप्पा. तास तर झालाच. कशाचा झाला ते तुम्ही विचारलं नाही."

"आणि दिवाळीतला जिना?"

"तो पण होता. मैदानाच्या पायऱ्या."

मला रागवायचं होतं. निदान नियमाप्रमाणे तरी. पण हातात पापडांचं ताट, आणि आतमध्ये पाच-सहा बायका लाटणी थांबवून कान देऊन बसलेल्या. मी ताटासकट पायरीवर बसलो.

"तुम्हाला ती अट माहीत आहे का?" मी विचारलं. "शनिवारची?"

तिसरी, मारवाडी घरातली मुलगी म्हणाली, "काका, ते तर ऑगस्टमध्येच वर्गात सांगितलं होतं. आमच्या तिघींची नव्वदच्या वर आहे."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

माझी मुलगी माझ्याशेजारी पायरीवर बसली. तिच्या अंगाला माती आणि उन्हाचा वास येत होता.

"तुम्ही किती छान रंगवलं होतं, पप्पा."

मी पापडांचं ताट तिच्या हातात दिलं. घरी आल्यावर कळलं की बायकोला सप्टेंबरपासून माहीत होतं. गावी आईलाही माहीत होतं. मला शंका आहे की समोरच्या काकांनाही माहीत असावं.

यादी लागली जूनमध्ये. मी शाळेत नव्या वर्षाचं वेळापत्रक लावत बसलो होतो, तेव्हा मुलीचा फोन आला. नुसतं मुसमुसणं ऐकू येत होतं.

"काय झालं?"

"माझं आहे, पप्पा. तिसांत."

मी उभा राहिलो. कार्डशीट टेबलावरून घसरली. "मग रडतेस का?"

"तिचं नाहीये."

शिंदखेड्याची. शनिवारची हजेरी पूर्ण, गटाचं काम उत्तम, मुलाखत चांगली, आणि दोन विषयांत गुण कमी पडले. प्रतीक्षायादीत चौथी. मारवाडी घरातल्या मुलीचं नाव तिसांत होतं. म्हणजे तिघींपैकी जी नसती तर आमच्या पोरीचा अर्जही कोणी घेतला नसता, तीच बाहेर राहिली होती.

मागच्या जूनमध्ये मी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं मला लख्ख आठवत होतं. गट नको. मी विचारलं, "कुठे आहे ती?"

"इथेच. आत्याकडे. जेवतेय. म्हणते, मी कशाला रडू, तू रडतेस ते पुरे आहे."

"तिला फोन दे."

फोन हातात घेतल्याचा आवाज आला. "हा काका."

"पुढे काही मार्ग आहे का?"

"आहे ना. दुसऱ्या वर्षाअखेर जागा रिकामी झाली तर घेतात. पण गुण पाहिजे. गणिताचेच गेले हो, काका. दोन्ही पेपर."

मी गणिताचा शिक्षक आहे हे तिला माहीत नसावं. किंवा चांगलंच माहीत असावं. मी म्हणालो, "मी तक्ता करू का तुझ्यासाठी?"

पलीकडून माझ्या मुलीचा हुंदका आणि हसणं एकत्र ऐकू आलं, मग अक्काचा आवाज, "अरे देवा, परत खिळे!" आणि शिंदखेड्याची मुलगी म्हणाली, "करा काका. पण शनिवार मी रंगवणार."

त्या वर्षी शाळेच्या वेळापत्रकातही मी एक बदल केला. त्याची कारणं मला कोणी विचारली नाहीत आणि मी सांगितली नाहीत. खेळाचे सर दिवाळीनंतर दोनदा येऊन वेळापत्रक तपासून गेले, काही चूक तर झाली नाही ना म्हणून.

प्रतीक्षायादी चौथ्यावरून दुसऱ्यावर आली आणि तिथेच थांबली. दोघी ऑनर्सच्या वर्गात बसतात, ती शेजारच्या वर्गात. श्रावणात आईने गहू घेतला तेव्हा शेवटी तीन मुठी जास्त घातल्या, आणि कोणी काही विचारायच्या आत जात्याकडे बघून म्हणाली, "चला." डबा घेऊन मी धुळ्याला गेलो. तिथे शिंदखेड्याहून आलेला दुसरा डबा आधीच उघडलेला होता. तिच्या आईने पाठवला होता, तिच्या घरच्या कानबाईचे रोट, माझ्या मुलीसाठी. सांगावा असा : एकतर्फी चालत नाही. दोन्ही डब्यांसमोर अक्का बसली होती आणि तिच्या तोंडात काहीतरी होतं.

"अक्का?"

"काय?" ती म्हणाली. "मारवाडीसनी पोरले चालस, माले चालत नही?" आणि दुसरा उचलला. "कानबाई काही बोलनी ते मी देखी लिसू. तिना गाना मीच म्हनस."

आता दर रविवारी सकाळी फोटो शिंदखेड्याहून येतो. माझी मुलगी तक्ता वापरत नाही. तिचं ती बघते, आणि माझ्यापेक्षा बरं बघते. शिंदखेड्याच्या घरी मात्र भिंतीवर माझा तक्ता आहे. निळ्यात गणित, रोज दीड तास, आणि न समजलेली गणितं मला फोनवर विचारायची. तिचा फोन येतो, बहुतेक एसटीतूनच, मागे कंडक्टरचा आवाज असतो. गणित तिला येतं. आधी कोणी नीट शिकवलेलं नव्हतं, एवढंच. बहुधा तिच्या शाळेतही माझ्यासारखाच कोणीतरी दिवाळीनंतर खेळाचे तास खाऊन त्यात घाईने गणित उरकत असावा. या सत्रात एका पेपरात तिचे गुण माझ्या मुलीपेक्षा दोनने जास्त आले. दोघींनी मला ते एकाच वेळी कळवलं.

शनिवारच्या हिरव्या रकान्यात टिक असते. ती कशाची, ते मी विचारत नाही. गुडघे कसे आहेत, तेवढं विचारतो.